पिशव्यांची पिशवी

त्या दिवशी मला ऑफिसला उशीर झाला तो दुधाच्या पिशवीच्या कोपऱ्यामुळे.

आयुष्यात पहिल्यांदाच मी घरकामात पुढाकार घेतला होता. साठलेल्या दुधाच्या पिशव्या धुतल्या, वाळवल्या आणि बायकोला दिसेल अशा ऐटीत खाली वालावलकर काकांकडे नेऊन दिल्या. काकांनी एक पिशवी उचलली, दोन्ही हातांनी ताणून ट्यूबलाइटसमोर धरली आणि मालवणीत विचारलं, "तुकडो खंय?"

"कसला तुकडा?"

"कोपरो कापलंस मा? तो खंय आसा?"

मी कात्रीने कोपरा साफ उडवणारा माणूस. तो उडून पुढे कुठे जातो, हा प्रश्न पन्नाशी उलटेपर्यंत मला पडला नव्हता. "नापास," काका म्हणाले. "नुसती चीर द्यायची. तोडलास की तो तुकडो मोरीतून गटारात. जा, शोधून हाड." इस्त्रीच्या कपड्यांत मी सिंकच्या जाळीत बोटं घालून कोपरे शोधत होतो, तेव्हा बायको दारात उभी होती. तिने फोटो काढला आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत मऊ प्लास्टिक गोळा करण्याची योजना आहे. दुधाच्या पिशव्या, पावाची वेष्टणं, कुरिअरची पाकिटं. यातल्या बहुतेक मालाकडे भंगारवाला ढुंकूनही बघत नाही. महिन्यातून एकदा एक संस्था गाडी पाठवते, माल नेते आणि त्याचं पुढे काहीतरी उपयोगी करते. अटी साध्या: माल धुतलेला हवा, कोरडा हवा आणि जिन्याखालच्या खोलीतल्या गोण्या गच्च भरलेल्या हव्यात. साध्या अटी पाळणं किती कठीण असतं, ते योजना चालवणाऱ्याला विचारावं. आमच्याकडे ती वालावलकर काका चालवतात. म्हणजे बाकीचे सगळे ती बंद पाडायचा प्रयत्न करतात आणि काका तिला जिवंत ठेवतात.

काका गिरणीत कापड तपासायच्या खात्यात होते. ताग्यातला एक तुटका धागा उजेडात पकडणं, हे आयुष्यभराचं काम. गिरणी गेली, नजर राहिली. ती आता आमच्या चिप्सच्या पुड्यांवर फिरते. बनियनच्या गळ्याला कपड्यांचे चिमटे लावून ते खोलीत बसतात आणि ओली पिशवी आली की चिमटा काढून दोरीवर टांगतात. त्या दोरीखालून जाताना मी आपोआप मान खाली घालतो. डोक्याला पिशवी लागू नये म्हणून, आणि काकांनी माझ्याकडे बघू नये म्हणूनही.

त्यांचं नाक तर वेगळ्याच योग्यतेचं. सी विंगमधल्या एका घराने आपण श्रावण किती कडक पाळतो हे लिफ्टमध्ये येता-जाता सगळ्यांना सांगितलं होतं. त्या घरची पिशवी काकांनी नाकाजवळ नेली, डोळे मिटले आणि पुटपुटले, "बांगडो. कालचो." शेजारी मी होतो म्हणून मला ऐकू आलं. माझे कान टवकारले. पण काकांनी ती पिशवी स्वतः नेऊन साबणाने धुतली, दोरीवर टांगली आणि मला दम भरला, "खंय बोललंस तर बघ." हे वाक्य लिहीपर्यंत मी बोललो नव्हतो. विंगचं नावही बदललं आहे.

भांडणं मात्र रोजची. सेक्रेटरींना त्या खोलीत जुन्या खुर्च्या ठेवायच्या होत्या. ए विंगच्या वहिनींचं म्हणणं, "काका, कचरा तो कचरा, त्याला काय आंघोळ घालायची?" आणि पिशव्या घडी घालून देणाऱ्यांवर तर काकांचा विशेष राग. "घडी चालत नाय! घडीत मळ लपता, पाणी ऱ्हवता. मोडून द्या!" जिना चढणारी माणसं हे ऐकून वेग वाढवायची.

एकदा मी न राहवून विचारलं, "काका, कशाला एवढं अंगावर घेता? लोक दारात येऊन वाट्टेल ते बोलतात."

ते पिशवी झटकत म्हणाले, "भांडूक का होयना, माणसां येतत मा दारात? काकी गेल्यापासून माझी बेल फक्त दूधवालो वाजवी. ह्या बंद पडला तर परत तोच."

मग मे महिना आला आणि अर्धी सोसायटी गावाक गेली. दोरी रिकामी, गोण्या ढिल्या. त्याआधीच्या खेपेलाही माल कमी भरला होता. संस्थेचा फोन आला: अर्धवट गोण्यांसाठी फेरी परवडत नाही, या वेळी एकही कमी पडली तर तुमची सोसायटी यादीतून काढावी लागेल. सेक्रेटरींनी खुर्च्या पुसायला काढल्या.

काका दारोदार फिरले. मागितली ती थेट पिशव्यांची पिशवी. प्रत्येक मराठी घरात ओट्याखाली किंवा दारामागे एक पिशवी असते, तिच्या पोटात बाकीच्या सगळ्या पिशव्या असतात. कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या, आणि लागते तेव्हा नेमकी न सापडणाऱ्या. आमच्या घरी ती मागितल्यावर बायकोचा चेहरा मंगळसूत्र मागितल्यासारखा झाला. तरी दिली. आत येऊन मला म्हणाली, "मी मागच्या आठवड्यात आंबे द्यायला गेले ना, तेव्हा त्यांच्याच स्वयंपाकघराच्या दारामागे केवढी टम्म पिशवी लटकत होती. ती नाही दिली त्यांनी." मी हसलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

गाडी यायच्या सकाळी मी मदतीला खाली गेलो. मदत म्हणजे गोणीचं तोंड उघडं धरणं. त्याहून जबाबदारीचं काम काका मला देत नाहीत. बाकी गोण्या भरल्या, शेवटची अर्ध्यावर थांबली. ड्रायव्हरचा फोन आला, घाटकोपरहून निघालोय. काकांनी गोणीकडे बघितलं, दोरीकडे बघितलं. मग वर गेले.

परत आले तेव्हा हातात कापडी पिशवी होती. ओळखायला वेळ लागला नाही. दारामागची ती हीच. ती त्यांनी मांडीवर ओतली आणि आतून निघाल्या त्रिकोणी घड्या. पानाच्या गोविंदविड्यासारख्या, घट्ट, सगळ्या एकाच मापाच्या. एवढी नेटकी घडी काकांच्या हातून होणं शक्य नव्हतं.

घडी चालत नाही, हा त्यांचाच नियम. आणि मोडल्याशिवाय गोणीही भरणार नव्हती. त्यांनी पहिली उचलली. कडेला खोचलेलं टोक नखाने सोडवलं. "काय घडी घातल्यान," ते म्हणाले, "सुटता सुटत नाय." पिशवी मोकळी झाली, उजेडात धरली. "ही दादरची, साडीच्या दुकानातली." गोणीत टाकली. "ही भाचीच्या लग्नातली." मग एक निळसर, औषधाच्या दुकानाची. ती कुठली ते त्यांनी सांगितलं नाही. बराच वेळ उजेडात धरून ठेवली आणि मग तीही टाकली.

हातभर उंचीची जागा भरायला एका बाईचा अख्खा संसार उलगडावा लागला. मी समोर गोणीचं तोंड धरून बसलो होतो. एरवी माझ्याकडे प्रत्येक प्रसंगाला साजेसं एक वाक्य असतं, बहुधा चुकीचं. त्या दिवशी मी फक्त गोणीचं तोंड आणखी ताणून धरलं. एवढ्याशा बोटांनी माणूस एवढं मोठं काही करू शकतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

मोकळ्या पिशव्या फुगल्या, गोणी गळ्यापर्यंत आली. काकांनी ती स्वतः शिवली. ड्रायव्हरने आल्यावर हाताने दाबून बघितली, "एकदम झकास, काका. पुढच्या महिन्यात येतो," म्हणाला आणि गाडी गेली. रिकामी कापडी पिशवी झटकून काकांनी खांद्यावर टाकली आणि जिना चढू लागले.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

"तुम्ही मदत केलीत त्यांना घड्या मोडायला?"

आता बोलणी बसणार, या तयारीने मी म्हटलं, "नाही गं. नुसता बसून होतो."

"बरं केलंत," ती म्हणाली. "त्या घड्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको होता."