गावंडेकाकांची सम

आमच्या शेजारचे गावंडेकाका बेल वाजली की लगेच दार उघडत नाहीत. आत टेपवर खयाल लागलेला असतो आणि तालाचं आवर्तन पुरं होऊन सम आली की मगच दार उघडतं. कुरिअरवाला, गॅसवाला, खुद्द त्यांचा जावई, सगळे पायरीवर ताटकळतात. संथ विलंबित चालू असेल तर बिचाऱ्यांचं नशीब.

"माणूस थांबते, सम थांबते का?" असं वर ऐकवतात.

काका अंजनगाव सुर्जीला गणिताचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर अमरावतीत आमच्या शेजारी आले. गळा नाही, हातात वाद्य नाही, नुसता कान. त्या कानाला स्थानिक गवई टरकून असत. तंबोरा केसभर उतरला तरी काका पहिल्या रांगेतून उठून थेट घरी येत. एरवी कशालाही नावं ठेवायची तर शब्द एकच, "बजार होय."

गेल्या दिवाळीनंतर एकदा काकू बाहेर गेलेल्या असताना मी बेल वाजवली. सम आली, गेली. दुसरी गेली. तिसरीलाही दार उघडलं नाही तेव्हा मी घाबरून मागच्या दारानं शिरलो. काका खुर्चीत मजेत बसले होते. मला बघून दचकले.

"काहून घुसला बे मागून?"

"काका, केव्हाची बेल वाजवतोय."

"आयकू आली. सम पसंत नाई पडली."

मी हसलो, पण ते माझ्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघत होते. मग लक्षात आलं, बरेच दिवस ते तसंच बघत होते.

महिनाभर मागे लागल्यावर ते कानाच्या डॉक्टरकडे यायला कबूल झाले. अट एकच, डॉक्टर अमरावतीचा नको. कुसुमकाकूंना अकोल्यात मैफल असल्याचं सांगून आम्ही निघालो.

दवाखान्यात त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. काका टेचात बटण दाबत होते आणि बाहेर मला हायसं वाटत होतं. पण तपासणाऱ्या बाईंच्या कपाळावर आठी आली. मी नीट पाहिलं. काकांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर मात्रा मोजत होती आणि दर सोळा मात्रांनी उजवा अंगठा बटणावर पडत होता.

बाईंनी दार उघडलं. "काका, मी मघापासून काहीच वाजवलेलं नाही."

काकांनी बटण हळूच टेबलावर ठेवलं.

डॉक्टर चांगला होता, पण त्यानं आडपडदा ठेवला नाही. कानातल्या यंत्रानं बोलणं कळेल. गाणं पहिल्यासारखं नाही.

परतताना मूर्तिजापूरजवळ काकांनी गाडी थांबवायला लावली.

"सुधीर, कुसुमले सांगू नको."

मी त्यांच्याकडे वळून मोठ्यानं विचारलं, "का?"

"लग्नाआधी गाणं शिकत होती ते. आमच्या घरी सुटलं. तवापासून रोज संध्याकाळी मलेच आयकवते. तिचं गाणं आयकणारा मी एकलाच हावो. मले आयकू येत नाई समजलं, तं ते गाईन कोणासाठी?"

"मग आता रोज काय करता?"

"चुका काढतो. पहिलेसारख्याच. तिले वाटते, आयकून राह्यले."

त्यांना घरी सोडलं. काकूंनी मला चहाला थांबवलं. काका बाहेर अंगणात पाय धूत होते. काकूंनी कप पुढे केला आणि सरळ विचारलं, "डॉक्टर काय म्हणे?"

मी कप खाली ठेवला.

"सहा महिने झाले," त्या म्हणाल्या. "चुकलं नाई तिथं चूक काढून राह्यले. पहिले वाटलं, माझाच सूर गेला. मंग एक दिवस मारवा गाताना मी नुसते ओठ हलवले. आवाजच नाई काढला. तं म्हणे, रिषभ चढला."

"मग?"

"मंग काय. मी आणखी एकदा ओठ हलवले. तं म्हणे, आता बसला."

बाहेरून काकांची हाक आली, "कुसुम, आटप. मारव्याची येळ चालली."

काकू पदराला हात पुसत उठल्या. आज त्या रोजच्यापेक्षा मोठ्यानं, काकांच्या कानाजवळ बसून गायल्या.