आजोबांची किरणबंदी

किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही आणि त्याला वासही नसतो. त्यामुळे त्याला घाबरायला कसलंच शिक्षण लागत नाही. इमारतीचे सेक्रेटरी या विषयातले मान्यवर जाणकार. निवृत्त गृहस्थ, वेळ भरपूर आणि प्रकृती, दुर्दैवाने, ठणठणीत.

समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि त्यांचं डोकं दुखू लागलं. (टॉवर अजून सुरू व्हायचा होता, पण दुखणं आधीच सुरू करणं यालाच प्रतिबंधात्मक उपाय म्हणतात.) त्यांनी सभा घेतली, भाषण ठोकलं, टॉवर हलवायला लावला. घरातले फोन पत्र्याच्या डब्यात ठेवायचा हुकूम निघाला. धोका टळला, आणि जावयाचे फोनही.

डोकं मात्र दुखतच राहिलं. मग सेक्रेटरींनी सीटी स्कॅन काढून घेतला. आधी डोक्याचा, मग छातीचा, मग पोट तरी का उपाशी ठेवा म्हणून पोटाचा.

डॉक्टर म्हणाले, "काका, यातही किरणच असतात. टॉवरच्या किरणांसारखे नाहीत. हे पेशींना इजा करू शकतात. गरज असेल तेव्हा जरूर काढावा, हौस म्हणून नको."

"पण हे औषधी किरण ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. सेक्रेटरींनी डॉक्टर बदलला.

पुढे सेक्रेटरींची नात झोपाळ्यावरून पडली. कपाळाला टेंगूळ आलं. मुलांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हसतेय, खेळतेय, उलटी नाही. घरी लक्ष ठेवा. स्कॅनची गरज नाही. कोवळ्या जिवाला किरणांचा धोका जास्त." इतकं स्वस्त निदान आजोबांना पटेना. नव्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन ते नातीला थेट स्कॅनच्या खोलीपाशी घेऊन गेले. सून धापा टाकत मागोमाग पोचली.

"बाबा, डॉक्टर नको म्हणाले होते."

"अगं, मनाची शांती म्हणून."

"कोणाच्या मनाची?"

उत्तराची वाट न पाहता तिने मुलीला कडेवर घेतलं आणि ती जिना उतरली. सेक्रेटरी रिकाम्या हातांनी उभे राहिले. क्षणभर त्यांना खरोखरच वाईट वाटलं. पण तेवढ्यात आतून नंबर पुकारला गेला, आणि आलेला नंबर वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. नवे डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते. त्यांनी चिठ्ठीवरचं नाव बदललं, वय वाढवलं.

"काय त्रास होतोय?" आतल्या तंत्रज्ञाने विचारलं.

"सून ऐकत नाही," म्हणत सेक्रेटरी यंत्रात आडवे झाले.

रिपोर्ट निर्दोष निघाला. ते खचलेच. डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवला, "धीर सोडू नका, पुढच्या महिन्यात पुन्हा बघू."

तुम्हाला हसू आलं असेल. हसताना बरगडीत बारीकशी कळ आली का? मग दोन दिवस वाट पाहण्याचा अडाणीपणा करू नका, थेट स्कॅन काढा. डॉक्टर नको म्हणाले, तर मागच्या वेळी कसं केलं होतंत, आठवतंय ना?