गळ्यातला बिल्ला आणि फाटकातला दांडा

"मामा, बिल्ला?"

फाटकावर उभ्या असलेल्या वेस्लीने हात पुढे केला, तेव्हा एफ्राइम तोमारुमला वाटलं, भाच्याला नेहमीसारखी तलफ आली आहे. त्याने खांद्यावरच्या झोळीतून एक हिरवी सुपारी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"सुपारी नाही हो. बिल्ला. गळ्यातला."

"कुणाच्या गळ्यातला?"

"तुमच्या."

तोमारुमने मान खाली घालून पाहिलं. गळ्यात बायकोने सकाळी इस्त्री करून दिलेली पांढरी कॉलर होती. त्याखाली नवी निळी लुंगी आणि धुतलेले पाय. बिल्ला कुठेच नव्हता.

"वेस्ली, तुला ऊन लागलंय का?"

"मामा, पान एकसष्ट. ज्याच्या गळ्यात बिल्ला नाही त्याला आत सोडायचं नाही. मग तो कोणी का असेना."

कोकोपो गावच्या या मैदानावर तोमारुम सव्वीस वर्षं रेषा मारत होता. चुन्याची बादली, सुतळी आणि नारळाच्या काथ्याचा कुंचला, एवढ्यावर. मधे ज्वालामुखीची राख दोनदा मैदानभर पसरली. दोन्ही वेळा त्याने ती फावड्याने ओढली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा रेषा मारल्या. त्याला पगार नव्हता, हुद्दा नव्हता. पण गावात त्याला 'रेषावाला' म्हणत, आणि त्याच्या रेषेवर रग्बीचा चेंडू टेकला की नाही यावरून भांडणं झाली असली, तरी रेषा वाकडी होती असं आजवर कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

आजचा दिवस तर वेगळाच होता. शेजारच्या ऑस्ट्रेलियाने आपल्या रग्बी लीगमध्ये या देशाचा संघ घ्यायचं शेवटी मान्य केलं होतं आणि त्या संघाचा पहिला सराव सामना इथे, या गवतावर व्हायचा होता. दोन पिढ्या या देशाने शेजाऱ्यांचे सामने पाहण्यात घालवल्या होत्या. त्यांच्या दोन राज्यांच्या झुंजीपायी इथल्या घरांत भाऊ भावाशी बोलत नसे, ठरलेली लग्नं मोडत आणि टीव्ही खिडकीतून बाहेर जात. शेजाऱ्यांना याची कल्पना नव्हती. निदान नवे टीव्ही विकताना तरी त्यांनी ती असल्याचं दाखवलं नव्हतं. आता ते म्हणत होते, या, आमच्यात खेळा. आणि सोबत एकशे चौदा पानांचं नियमांचं पुस्तक.

तोमारुमने पहाटेपासून रेषा मारल्या होत्या. फक्त उत्तरेची गोलची रेषा, जिच्यावर चेंडू टेकवला की गुण मिळतात ती, उरली होती. चुनाही बादलीत कालवून ठेवला होता. पण कॅमेरेवाले येणार, म्हणून अंगावरचा चुना धुवायला तो घरी गेला. अर्ध्या तासाने परत येतो तर मैदानाभोवती जाहिरातींचं उंच कापड, फाटकाला कडी, कडीपाशी बहिणीचा मुलगा.

"पहाटे मी आत गेलो तेव्हा?"

"पहाटे बिल्ले आले नव्हते. नऊच्या विमानाने आले."

"तुला ही नोकरी कुणी लावली?"

"तुम्ही."

"तुझं लग्न कुणी जमवलं?"

"तुम्हीच. मामा, मी नाही म्हणतोय का? पण यादीत नाव नाही तुमचं. यादी ब्रिस्बेनला झाली. नावं आपल्या सेक्रेटरींनी कळवली."

"मग माझं का नाही कळवलं?"

वेस्लीने आवाज खाली आणला. "त्यांचे साडूच सात आहेत."

तोमारुमची कानशिलं तापली. तेवढ्यात आतून ब्रिस्बेनचे हॉपगुड साहेब आले. उंच, लालबुंद, आणि इतके हसतमुख की माणसाचा राग वाढावा. त्यांच्या गळ्यात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर त्यांचाच हसरा फोटो.

"काही अडचण?"

"साहेब, हे माझे मामा. रेषा तेच मारतात."

"छान, छान!" साहेब म्हणाले. "पण आजचा सामना फक्त निमंत्रितांसाठी आहे. जनतेला टीव्हीवर दिसेलच की."

जनता! तोमारुमने आजूबाजूला पाहिलं. कापडाच्या फटींना डोळे लावून चारशे माणसं उभी होती. ही जनता. तिच्यात आपण. सव्वीस वर्षांनी. तो वळला, रस्त्यापलीकडच्या ओघळीत उतरला, रानआल्याचा पुरुषभर उंचीचा एक दांडा पानांसकट कापला, आणि तो आणून फाटकाच्या बरोबर मधोमध जमिनीत रोवला.

चारशे माणसं एक पाऊल मागे सरकली. वेस्लीने कडीवरचा हात असा काढला, जणू ती तापली होती.

"मामा, गोरगोर? अहो, काय केलंत हे!"

गोरगोर ज्या वाटेत उभा राहतो ती वाट तंटा मिटेपर्यंत बंद. आतला बाहेर येत नाही, बाहेरचा आत जात नाही. ओलांडला तर काय होतं हे मात्र कोणालाच माहीत नाही, कारण कोणी ओलांडलेला नाही.

पहिली आली ती खेळाडूंची बस. ड्रायव्हरने दांडा पाहिला, वीस हातांवर बस थांबवली, इंजिन बंद केलं, चपला काढल्या आणि मागच्या लांब सीटवर आडवा झाला. मग पोलिसांची गाडी. फौजदाराने काच अर्ध्यावर घेऊन विचारलं, "कोणी रोवला?" कळल्यावर म्हणाला, "मग बरोबर आहे," आणि सावलीत गाडी लावली.

"पण हे एक रोप आहे!" हॉपगुड साहेब ओरडले. "एका रोपासाठी बस थांबते?" आणि ते उपटायला ते वाकणार, तोच वेस्लीने दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरून त्यांना गवतावर आडवं केलं. त्या दिवसाची पहिली पकड ती. बसमधल्या खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या.

"माफ करा साहेब," वेस्ली त्यांच्या पाठीवरूनच म्हणाला. "पण तुम्ही पाहुणे आहात. तुम्हाला काही झालेलं आम्हाला चालणार नाही."

इतक्यात जेवणाचा ट्रक आला. मागे सोळा बायका, पानांनी झाकलेली पातेली, आणि पातेल्यांत तापल्या दगडांवर नारळाच्या दुधात शिजलेल्या चाळीस कोंबड्या. पुढे डेलिला, तोमारुमची बायको. ती उतरली, दांडा पाहिला, मग नवरा पाहिला.

"अहो, पहाटे तीनपासून दगड तापवतेय मी."

"अपमान झालाय माझा."

"कोंबड्या गार होतायत त्याचं काय? आणि आता आत कोण जाणार? तुम्ही?"

या प्रश्नापाशी तोमारुम प्रथमच थांबला. दांडा फाटकात होता. चुन्याची बादली आत होती. उत्तरेची रेषा अपुरी होती. आणि तो बाहेर होता. रोवणाऱ्यालाही गोरगोर ओलांडता येत नाही आणि स्वतः रोवलेला स्वतः उपटता येत नाही. तो कुळातल्या सर्वांत थोरल्या बाईसमोर, दोन्ही बाजूंची समजूत झाल्यावरच निघतो. पाहायचा होता तो सामना त्याने स्वतःलाच बंद करून घेतला होता. त्यामुळे त्याचा राग जास्तच वाढला.

तेवढ्यात कापडाच्या फटीतून त्याला दिसलं, ब्रिस्बेनचा कोणी एक टोपीवाला त्याची बादली उचलून उत्तरेकडे निघाला होता.

"ए! सुतळी धर! आधी सुतळी धर!" तोमारुम फटीतून ओरडला. टोपीवाल्याने सुतळी धरली नाही. डोळ्यांच्या अंदाजाने त्याने सहा हात रेषा ओढली. तोमारुमने डोळे मिटून घेतले. "माझ्या डोळ्यांदेखत," तो म्हणाला. "समुद्राच्या लाटेसारखी!"

डेलिलाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि बाजाराकडे माणूस पाठवला.

तोमारुमची थोरली बहीण इयातिनाई बाजारात सुपारी विकत असे. ती आली ती सावकाश, छत्री उघडून, सुपारीची टोपली डोक्यावर तशीच. गर्दीने तिला वाट दिली.

"कुणाला विचारून रोवलास?"

"ताई, अपमान झाला."

"तुझा की कुळाचा?"

"आधी माझा. मग ओघाने कुळाचा."

"कुळाचा झाला की नाही हे तू ठरवणार? मग मी काय बाजारात नुसती सावली खायला बसते?" तिने वेस्लीकडे पाहिलं. "आणि तू रे? मामाला अडवतोस?"

"आई, पान एकसष्ट."

"घरी ये, तुझं पान काढते." मग ती साहेबांकडे वळली. "तुम्हाला काय हवंय?"

हॉपगुड साहेबांच्या शर्टावर गवताचे डाग पडले होते. "बाई, एक वाजता सामना टीव्हीवर सुरू होतो. मला फाटक उघडून हवंय. आणि आमचे नियम पाळले जायला हवेत. दुसरं काही नको."

"आणि तुला?"

"मला आत जायचंय," तोमारुम म्हणाला. "माझी रेषा मारायची आहे. आणि माझ्या रेषेवर आपल्या संघाचा पहिला चेंडू टेकलेला या डोळ्यांनी बघायचाय. जनता म्हणून नव्हे."

इयातिनाईने टोपलीतून दोन सुपाऱ्या काढल्या. "एकमेकांच्या हातून खा. तंटा मिटला."

तोमारुमने साहेबांच्या हातची सुपारी चावली. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि त्याच्या हातची तोंडात टाकली. वेस्लीने खुणेने चावायला सांगितलं, चुना दिला, थुंकायचं सांगायला मात्र विसरला. साहेबांनी सगळं गिळलं. आधी त्यांचे कान लाल झाले, मग कपाळावर घामाचे थेंब आले, मग त्यांनी फाटकाचा खांब दोन्ही हातांनी धरला.

"चारशे माणसं," ते खांबाला म्हणाले, "बस, पोलीस... आणि एक दांडा! ब्रिस्बेनला आम्हाला साठ पहारेकरी लागतात. शिवाय कुत्रे." जास्तीचा बिल्ला नव्हताच, तेव्हा त्यांनी गळ्यातला आपलाच पिवळा बिल्ला काढला आणि दांड्यावरून पलीकडे तोमारुमच्या गळ्यात घातला.

इयातिनाईने दांडा उपटला. मग ती भावाला म्हणाली, "त्यांनी आपला मान राखला. आता त्यांच्या पुस्तकाला माझा शब्द. आपल्या कुळातल्या कोणी त्यातलं एक पान जरी मोडलं, तर पुढचा दांडा तुझ्या स्वयंपाकघराच्या दारात."

तोमारुम छाती पुढे काढून आत गेला. टोपीवाल्याच्या हातून बादली घेतली, ती लाट खरडून काढली, सुतळी ताणली आणि उत्तरेची रेषा अशी मारली की खेळाडू बघत उभे राहिले. मग कुंचला धुऊन तो पुढच्या ओळीतल्या खुर्चीकडे निघाला.

"मामा!" वेस्ली धावत आला. त्याच्या हातात पुस्तक होतं. "हा बिल्ला पिवळा आहे."

"मग?"

"पिवळा म्हणजे देखरेखीचा. पान बासष्ट. पिवळ्या बिल्लेवाल्याने सामना संपेपर्यंत फाटक सोडायचं नाही. तोंड बाहेरच्या बाजूला. आत फक्त मदतनिसाने बघायचं."

"मदतनीस कोण?"

"मी."

"ते साहेब स्वतः तर सकाळी सगळीकडे हिंडत होते!"

"त्यांच्या पुस्तकाला त्यांच्या ताईने शब्द दिलेला नाही."

एक वाजता शिट्टी झाली तेव्हा तोमारुम फाटकात मैदानाकडे पाठ करून उभा होता. समोर रस्ता होता, रिकामा ट्रक होता. काही वेळाने मागे असा कल्लोळ उठला की खांब हलला.

"काय झालं रे?"

"चेंडू टेकला, मामा! उत्तरेच्या रेषेवर! पंच पोटावर झोपून बघतायत."

"रेषा कशी दिसतेय?"

"सरळ. एकदम सरळ."

तोमारुमने समोरच्या रस्त्याकडे पाहत मान हलवली. त्याच वेळी बसच्या मागून, गिळलेली सुपारी ओकून, तोंड पुसत हॉपगुड साहेब येताना दिसले. आतला कल्लोळ ऐकून ते पळतच फाटकापाशी पोहोचले.

तोमारुमने हात आडवा धरला.

"बिल्ला?"

"माझा बिल्ला तुझ्या गळ्यात आहे! त्यावर माझा फोटो आहे!"

तोमारुमने फोटो पाहिला. साहेबांकडे पाहिलं. फोटोतला माणूस हसत होता.

"पान एकसष्ट," तो म्हणाला. "मग तो कोणी का असेना. साहेब, मी तुमचं ऐकलं असतं, पण प्रश्न माझ्या स्वयंपाकघराचा आहे."

आत पुन्हा आरोळी उठली. हळूहळू हॉपगुड साहेबांचीही कानशिलं तापत गेली. मग ते वळले आणि रस्ता ओलांडून त्या ओघळीत उतरले. रानआल्याचे दांडे तिथे अजून पुष्कळ होते.