वरुट्यांचा मूळ पुरुष

"ह्यो सात नंबर कोण रं?" गणपतराव वरुट्यांनी स्क्रीनवर बोट आपटलं.

"तुम्हीच की, तात्या."

"मला नंबर घातलास? जेलात हाय काय मी?"

पुतण्या अतुल सायबर कॅफेत बसून स्वतःच कॉम्प्युटर शिकलेला. गणपतरावांना उद्याच्या जत्रेसाठी वंशावळीचा फ्लेक्स हवा होता. पालखीला पहिला खांदा थोरल्या पातीचा, म्हणजे भावकीतल्या थोरल्या शाखेचा, म्हणजे त्यांचा. पण यंदा धाकट्या पातीचा उदयसिंह बोंबलत होता, "थोरली पाती आमची! पटत नसंल तर लिहून दाखवा."

वंशावळीचं सॉफ्टवेअर फुकटचं, पण छापायचं मुंगीएवढ्या इंग्रजीत. म्हणून अतुलनं त्याची फाईल सरळ नोटपॅडमध्ये उघडली. साधा मजकूर निघाला. माणसाला एक नंबर, त्याच्याखाली नाव, जन्म, मयत, फोटो. बाप-लेकाची जोडणी सगळी नंबरांवर. हे कळायला त्याचं डोकं फुटायची वेळ आली, पण कळलं. मराठीत मोठा तक्ता छापणारी स्क्रिप्टपण लिहून झाली.

"नंबर काढ," गणपतराव म्हणाले.

"तात्या, सगळं त्यावरच..."

"माणूस नावानं वळखत्यात का नंबरानं? काढ म्हंतो न्हवं!"

अतुलची सटकली. त्यानं नंबर उडवले आणि जोडणी नावावर केली. स्वतःचं नाव, बापाचं नाव, बास. आता वरुट्यांच्या थोरल्या पातीत थोरल्या नातवाला आजाचंच नाव. गणपतचा ज्ञानू, ज्ञानूचा गणपत, पाच पिढ्या हेच. स्क्रिप्टनं सगळे 'गणपत ज्ञानू' एकच माणूस धरला, सगळ्यांचं जन्म, मयत, फोटो एकात कालवलं. गणपतच्या पोटी ज्ञानू, ज्ञानूच्या पोटी परत तोच गणपत! कॉम्प्युटर गोल गोल फिरून बंद पडला. अतुलनं शिवी हासडली, 'एकदा छापलेला परत छापू नको' अशी एक ओळ वाढवली आणि न बघताच फाईल फ्लेक्सवाल्याला दिली.

सकाळी देवळापुढं फ्लेक्स उलगडला. सगळ्यात वर, मूळ पुरुषाच्या जागी, फेटा बांधलेल्या गणपतरावांचाच फोटो. खाली त्यांच्या पोटी ज्ञानू. ज्ञानूच्या खाली कायबी नाही. उदयसिंहाची पाती मात्र शेवटापर्यंत ठणठणीत.

"अतुल्या! माझा बा माझ्याच पोटी घातलास व्हय रं?"

"नंबर कुणी काढाय लावलं? फाडून टाकतो, जावा!"

तेवढ्यात भावकीतली सगळ्यात म्हातारी, पारूबाई आत्ती, फोटो निरखत पुढं आली. "गणप्या, म्हंजे हे समदं तुझ्यापास्नं झालं? उदय बी तुझा खापरपणतूच की!"

गणपतरावांनी फोटोकडं बघितलं. उदयसिंहाकडं बघितलं. मिशीवर हात गेला.

"अतुल, हात लावू नगंस. कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाय. काय उदयराव, लिहून मागितलंतासा न्हवं? लिहिल्यालं मान्य हाय का न्हाय?"

उदयसिंह जवळ जाऊन वाचत राहिला. मग वळला.

"अक्षर न् अक्षर मान्य हाय." आणि त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, "मूळ पुरुष, कैलासवासी गणपत ज्ञानू वरुटे."

हलगीवाला वाजवायचा थांबला.

"आत्ती, मयताच्या खांद्यावर देवाची पालखी चालती काय?"

"छ्या छ्या! काय तर बोलतोस!"

उदयसिंहानं पालखीला पहिला खांदा दिला. निघताना वाकून गणपतरावांच्या पायाला हात लावला.

"खापरपणजोबा, आशीर्वाद द्या."

गणपतरावांनी दिला. पण तो छापण्यासारखा नाही.