पृष्ठ २१२ नंतरचा प्रश्न

‘ज्या कुणी भूलशास्त्राच्या पुस्तकातली दोन पानं ब्लेडने कापून नेली, त्याच्यामुळे आपल्या रुग्णालयात भूल दिलेला एकही माणूस गेल्या आठवड्यापासून परत आलेला नाही.’

ग्रंथपाल शलाका वाघचौरेने ही सूचना वैद्यकीय महाविद्यालयाच्या फलकावर लावली, तेव्हा मुख्य लिपिक ढेकळे यांनी तिला बोलावून घेतलं.

“मॅडम, मजकूर बरोबर आहे, भाषा जरा सौम्य करा. ‘ज्या कुणी’ नको. ‘सदर पाने गहाळ झाल्याचे निदर्शनास आले आहे’ असं लिहा. पान आपोआप गेलं की कुणाला लागत नाही.”

“पान आपोआप जात नाही, ढेकळेसाहेब.”

“जात नाही हो. पण लिहायचं तसंच असतं.”

सूचना तशीच राहिली. पानं मात्र परत आली नाहीत.

रुग्णालय आपल्या ग्रंथालयाप्रमाणे चालतं, हे त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात नवल असं काही नव्हतं. दाखल क्रमांक पडलेल्या पुस्तकात जे असेल ते वॉर्डात घडे, नसेल ते घडत नसे. मागे एकदा त्वचारोगाच्या खंडाला वाळवी लागली आणि जिल्ह्यातून खरूज नाहीशी झाली. लोकांना बरंच वाटलं. गुदगुल्याही गेल्यात हे आधी लहान पोरांच्या लक्षात आलं. नवा खंड आल्यावर दोन्ही परत आलं.

परीक्षेच्या तोंडावर पानं कापायची विद्यार्थ्यांची जुनी रीत होती. झेरॉक्सच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा बाहीत अर्धं ब्लेड ठेवणं सोपं. पण आजवर कापली जात ती दुर्मीळ रोगांची पानं. ते रोग कुणाला होत नसत, किंवा पान कापल्यामुळेच होत नसत. तक्रार करायला कुणी उरत नसे. या वेळी कुणीतरी सामान्य पान कापलं होतं.

पृष्ठ २१२ च्या अगदी तळाशी लिहिलं होतं : ‘रुग्ण डोळे उघडतो. तो अद्याप परत आलेला नसतो. अशा वेळी त्याला विचारावे,’ आणि पुढे थेट २१७ होतं : ‘प्रकृती स्थिर असल्यास नातेवाइकांकडे सोपवावे.’

काय विचारावे, ते मधे होतं.

शलाकाची इंदूआत्या शस्त्रक्रिया विभागाच्या बायकांच्या खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर होती. पित्ताशयातले खडे काढायचे होते. साधी गोष्ट. पानं गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचा नंबर लागला होता. ठरलेलं लग्न मोडल्यावर आत्या जी भावाच्या घरी राहिली ती राहिलीच. आधी आईची सेवा, मग भावाचं आजारपण, मग भावाची पोर. ती पोर म्हणजे शलाका. दवाखान्यात जायचंही शलाकानेच ठरवलं होतं. तारीख घेतली, पिशवी भरली, आत्याला रिक्षात बसवलं.

आत्याचे डोळे उघडे होते. ती जेवत होती, हात धरून चालवलं तर चालत होती. नाडी उत्तम होती. हनुवटी किंचित वर उचललेली होती, समोरचा माणूस आता काही विचारणार आहे अशा बेताने. वॉर्डातल्या सगळ्याच पेशंटांची हनुवटी तशी होती.

“सिस्टर, आज काही फरक?” शलाकाने पहिल्या दिवशी दारातून विचारलं होतं, आणि खोलीतली सगळी डोकी एकदम तिच्याकडे वळली होती. त्यांनी ऐकून घेतलं. हवा तो प्रश्न हा नव्हता. डोकी पुन्हा जागेवर गेली.

सिस्टर पवळे तिला व्हरांड्यात घेऊन गेल्या. “आत काही विचारत जाऊ नका, मॅडम. त्यांना आशा लागते. मी आता सगळं सांगूनच बोलते. ‘चहा हवा असेल.’ ‘दुखत असेल.’ असं.”

नातेवाइकांना हे पटत नव्हतं. ते खाटेशी बसून जो सुचेल तो प्रश्न विचारत. एका म्हातारीला तिच्या सुनेने विहिरीच्या मोटरची चावी कुठंय ते विचारलं. पलीकडे, पुरुषांच्या खोलीत, गयाबाई नावाची बाई हर्नियाच्या शस्त्रक्रियेला आलेल्या आपल्या नवऱ्याला सकाळपासून विचारत होती, “अवो, भाजी कोणती करू? वांगं करू? शेवगा करू?” प्रत्येक भाजीला दोन्ही खोल्यांतली डोकी तिच्याकडे वळत आणि निराश होऊन परत जात.

“शेवग्याला जरा थांबल्यासारखे वाटले,” गयाबाई शलाकाला म्हणाली.

भूलतज्ज्ञ डॉ. काझी यांनी तो प्रश्न आयुष्यभर रोज विचारला होता. आता त्यांना तो आठवत नव्हता.

“तोंडापर्यंत येतो,” ते ग्रंथालयात येऊन, पुस्तक उघडून, कापलेल्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले. “काहीतरी साधंच होतं, शलाका. इतकं साधं की मी तो कधी पाठ केला नाही.”

“मग तुम्हीच काहीतरी विचारा ना, सर. नाव विचारा.”

“विचारलं. ते नाव सांगतात. बरोबर सांगतात. पण सांगतं कोण, ते कळत नाही.”

योग्य पान योग्य हातात वेळेवर पडलं तर माणूस वाचतो, एवढ्या एका विश्वासावर शलाका शहरातली नोकरी सोडून आपल्या गावी आली होती. पहिल्याच आठवड्यात तिने कपाटांची कुलपं काढली होती. माहिती कुलपात ठेवणं म्हणजे औषध कुलपात ठेवणं, असं ती भर सभेत म्हणाली होती. आता अधिष्ठाता डॉ. मुळावकर तिला जिन्यात भेटले की एवढंच म्हणत, “कुलपं तुम्हीच काढलीत, वाघचौरे.”

तिने शेजारच्या जिल्ह्यातल्या ग्रंथपालांना फोन लावला. धायगुडे नावाचे गृहस्थ होते, आवाजावरून झोपाळू.

“आमच्याकडे नवी आवृत्ती आहे,” ते पानं उलटत म्हणाले. “हं. ‘रुग्णाला विचारावयाच्या प्रश्नासाठी प्रकाशकाचे संकेतस्थळ पाहावे.’”

“मग पाहा ना!”

“पाहिलं असतं. आमची वर्गणी संपलीय. परवलीचा शब्द मागतात.”

“मग तुमच्याकडे भूल दिलेली माणसं?”

“स्थिर आहेत,” धायगुडे म्हणाले. पुस्तक मिटत ते म्हणाले, “आता तुम्ही म्हणालात म्हणून लक्षात येतंय. गाव जरा शांतच झालंय आमचं.”

ग्रंथालय समितीची तातडीची बैठक भरली. शलाका उभी राहून बोलली, जरा मोठ्याने बोलली. एका प्रश्नाला कुलूप लावून कुणी विकत बसलंय आणि इथे माणसं हनुवट्या वर करून बसलीत, याची लाज कुणाला आहे की नाही? समितीने ते ऐकून घेतलं. मग डॉ. मुळावकरांनी सुचवलं की पुस्तक खंडित दिसतंय ही मूळ अडचण आहे, तर तूर्त कोरी पानं शिवून घ्यावीत. पृष्ठक्रम तरी सलग होईल.

“कोऱ्या पानांनी काय होणार, सर?”

“सलग होईल,” डॉ. मुळावकर म्हणाले.

बाइंडरने दोन कोरी पानं शिवली. त्याच दुपारी वॉर्डातल्या हनुवट्या खाली आल्या. आता कुणी काही विचारलं तरी कुणाचं डोकं वळत नव्हतं. ती माणसं वाट पाहत नव्हती. आत्याच्या कपाळावर शलाकाच्या लहानपणापासून दोन आठ्या होत्या, त्याही आता नव्हत्या. पाटी पुसल्यासारखं कपाळ. उशीवर हात ठेवून शलाकाने “आत्या” म्हटलं, तेव्हा आत्याने त्या आवाजाकडे पाहिलं, जसं पंख्याकडे पाहिलं असतं.

डॉ. मुळावकर फेरी मारून गेले. त्यांना सुधारणा वाटली. “उद्या सोडायला हरकत नाही. आपापल्या घरी जातील.”

उद्या म्हणजे पृष्ठ २१७. एकदा सोपवलं की त्या माणसाचं प्रकरणच संपायचं. पुढच्या पानापासून भुलीच्या यंत्रांची निगा सुरू होत होती. शलाका व्हरांड्यातून जवळजवळ धावतच ग्रंथालयात आली.

पुस्तकात काहीही लिहू नये, अशी पाटी तिने स्वतः चारही भिंतींवर लावली होती. समासात पेन्सिलीने टिंब दिलेल्या मुलांनाही तिने उभं करून खोडरबर हातात दिलं होतं. तिने पुस्तक टेबलावर घेतलं. कोरं पान पांढरंशुभ्र होतं, बाकीच्या पिवळट पानांत उठून दिसणारं. ती प्रश्न शोधू लागली.

डॉ. मुळावकरांचं म्हणणं बैठकीत असं होतं की, प्रश्न लिहायचाच झाला तर संमतीपत्रावर सही कुणी केली, हे विचारावं. डॉ. काझी म्हणाले होते, दुखतंय का, असं विचारावं. शलाकाला दोन्ही पटलं नव्हतं. जो माणूस कुठेतरी लांब, दोन जागांच्या मधे उभा आहे, त्याला एकच गोष्ट विचारता येते आणि ती आजवर बहुतेकांना कुणीच विचारलेली नसते, असं तिला वाटलं. ते वाटल्यावर तिने फार विचार केला नाही. तो तिचा स्वभाव नव्हता.

तिने पेनने, पुस्तकातल्या अक्षराला शोभेल असं सुबक लिहिलं : ‘तुम्हाला परत यायचे आहे का? हा प्रश्न एकदाच विचारावा. उत्तराची घाई करू नये. जे उत्तर येईल ते मान्य करावे.’ उरलेल्या जागेत तिने आडव्या रेघा मारल्या, म्हणजे दुसऱ्या कुणाला काही भर घालता येऊ नये. मग शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घालत बसली.

ती वॉर्डात पोचली तेव्हा डॉ. काझी आधीच आले होते. ते पुरुषांच्या खोलीत पहिल्या खाटेशी वाकून, सवयीच्या आवाजात विचारत होते, “काय पाटील, परत यायचंय का?”

“सर, तुम्हाला कुणी सांगितलं?”

“काय सांगायचंय त्यात? हेच तर विचारतो मी. आयुष्यभर.” त्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “तुझं टॉन्सिल काढलं तेव्हा तुलाही विचारलं होतं. तू फार वेळ लावलास.”

शलाकाला ते आठवलं. पांढरं छत, वाकलेला चेहरा, आणि आपण बराच वेळ काहीच न बोलता पडून राहिलो होतो. तासाभरापूर्वीपर्यंत तिला हे आठवत नव्हतं. तिने हाताच्या बोटांकडे पाहिलं. शाई लागली होती. तिने हात पाठीमागे घेतला.

पाटलांनी “आलो, आलो” म्हणून डोळे चोळले आणि तंबाखू मागितली. गयाबाईच्या नवऱ्याने प्रश्न पुरा होण्याआधीच “येतो की” म्हटलं. तिसऱ्या खाटेवर दाभोळे मास्तर होते, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांनी प्रश्न नीट ऐकला, खिडकीबाहेर एकवार पाहिलं आणि नम्रपणे म्हणाले, “नको. आभारी आहे.”

त्यांचा मुलगा ताडकन उठला. “अण्णा! अहो डॉक्टर, पुन्हा विचारा!”

“एकदाच विचारायचं असतं,” डॉ. काझी म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, पण संशय नव्हता. “मान्य करावं लागतं.”

“त्यांना कशाला विचारलंत? मला विचारायचं होतं! मी त्यांचा मुलगा आहे!”

यावर पुस्तकात काही नव्हतं. प्रकृती स्थिर असल्यामुळे मास्तरांना मुलाकडे सोपवण्यात आलं. मुलगा त्यांचा दंड धरून त्यांना जिन्याकडे घेऊन गेला. मास्तर चांगले चालत होते. जिन्याशी मुलाने वळून शलाकाकडे पाहिलं. तिने काय केलंय हे त्याला माहीत असणं शक्य नव्हतं, तरी त्याने तिच्याकडेच पाहिलं.

बायकांच्या खोलीत आत्या शेवटची होती. डॉ. काझींनी विचारलं, “इंदूताई, परत यायचंय का?”

आत्याच्या कपाळावर हळूहळू आठी आली, आधी एक, मग दुसरी. तिने प्रश्न ऐकला होता. तिने उत्तर दिलं नाही.

डॉ. काझी थोडा वेळ उभे राहिले आणि पुढच्या कामाला निघून गेले. शलाका खाटेच्या कडेवर बसली. खाली ओपीडीची गर्दी ओसरली. सिस्टर पवळे चहा ठेवून गेल्या, आता त्या पुन्हा “साखर घालू का?” असं मोकळेपणी विचारू लागल्या होत्या. आत्या छताकडे पाहत होती. घरात तिला अशी निवांत पडलेली शलाकाने कधी पाहिली नव्हती.

“आत्या, अगं बोल ना काहीतरी,” शलाका कुजबुजली. “मी आहे ना इथे. घरी जायचंय आपल्याला.”

आत्याने मान वळवली. पुष्कळ लांबून यावा तसा तिचा आवाज आला, पण तिचाच होता.

“विचारलंय ना मला?”

“हो.”

“मग थांब की आता.”

आणि तिने पुन्हा छताकडे पाहिलं.

शलाका उठली. ग्रंथालय पलीकडच्याच इमारतीत होतं, पुस्तक टेबलावर होतं, पेन तिच्या खिशात होतं. उत्तर अमुक वेळात द्यावे, एवढं एक वाक्य रेघांच्या वर कुठेतरी बसलं असतं. उत्तर होकारार्थी धरावे, हेही बसलं असतं. ती दारापर्यंत गेली. उंबऱ्यात उभी राहून तिने आत पाहिलं. आत्या विचार करत होती. दोन्ही हात पोटावर गुंफलेले, पायाची बोटं चादरीखाली किंचित हलत होती. शलाका परत आली आणि स्टूल ओढून बसली. पेन तिने खिशातून काढून खिडकीत ठेवलं, आपल्या हाताला लांब पडेल असं.

गयाबाई नवऱ्याचे कपडे पिशवीत भरून, निघण्याआधी सिस्टरांचा निरोप घ्यायला बायकांच्या खोलीत डोकावली. तिने आत्याकडे बराच वेळ पाहिलं, मग मागे व्हरांड्यात चप्पल शोधत असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

“आमच्या ह्यांनी बघा, लगीच येतो म्हटलं,” ती शलाकाला म्हणाली. “जरा इचार तरी करायचा.”