थॅडचं अर्धं वाक्य

लोकांना गप्प बसवण्याच्या कामात माझा हात धरणारं सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर म्हणजे आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीत कुणी नाही. रविवारच्या शाळेतला अख्खा गोंधळ मी नुसत्या भुवईवर थांबवते. म्हणून सिनेमाच्या स्टुडिओचा माणूस आमच्या चर्चमध्ये येऊन म्हणाला, "अंत्यविधीच्या प्रसंगासाठी भरलेलं चर्च हवंय, पण तुमच्यापैकी कुणी चकार शब्द काढायचा नाही," तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, "ते माझ्यावर सोडा."

त्या प्रसंगात पाळकाचं काम माझ्या नवऱ्याला, थॅडियसला मिळालं होतं. आणि त्या पाळकाला एक वाक्य होतं!

एक वाक्य म्हणजे काय, हे कळायला थॅडची कारकीर्द माहीत हवी. चित्रं बोलायला लागली त्याच्याही आधीपासून हा माणूस त्यांत दारं उघडतोय. हॉटेलांची, आगगाडीच्या डब्यांची, मोटारींची, एकदा तर तुरुंगाचं. मोठमोठे नट त्या दारांतून आत गेले, आणखी मोठे झाले, म्हातारे झाले. दार धरून थॅडच उभा. पण धरायचा कसं! आत शिरणारा खुनी असेल तर एक श्वास उशिरा, नवी नवरी असेल तर हात जरा लांब नेऊन. बायबलातल्या मोशेने समुद्र उघडला हे खरं, पण त्याच्याकडे काठी होती. माझ्या नवऱ्याकडे नुसती पितळी मूठ.

थॅडची आई प्रत्येक चित्राला आमच्याबरोबर यायची. तिची नजर केव्हाच गेलेली. अंधारात माझा दंड धरून विचारायची, "आला का गं?"

"आला, आई."

"कसा दिसतोय?"

"गेला, आई."

लेकाची सारी कारकीर्द तिच्या वाट्याला एवढीच आली. आता पहिल्यांदा तो तिला ऐकू येणार होता. बातमी कळल्यापासून ती घरात कुणाला मोठ्याने बोलू देईना. म्हणे, कान जपायचेत.

चित्रात एका हॉटेलचा म्हातारा द्वारपाल वारलेला. थॅडने शवपेटीमागे उभं राहून म्हणायचं, "हा माणूस जन्मभर दुसऱ्यांसाठी दारं उघडत राहिला; प्रभू, आता तू त्याच्यासाठी उघड." बस. तेवढ्यात नायकाने मागे येऊन हॅट काढायची.

दिग्दर्शक हॉलिस्टर साहेबांनी खूण केली. थॅड म्हणाला, "हा माणूस जन्मभर दुसऱ्यांसाठी दारं उघडत राहिला—"

"आमेन!" अख्खं चर्च.

"कट," हॉलिस्टर साहेब म्हणाले. "भुवईवाल्या बाई कुठे आहेत?"

मी उठून सगळ्यांकडे एकदा पाहिलं. सिस्टर युनीसने हातातला पंखा दातांत धरला. पुन्हा सुरुवात झाली. थॅड पहिलं अर्धं बोलला आणि थांबला. आम्ही चिडीचूप. तो थांबलेलाच.

"कट. आता काय झालं?"

"साहेब, उत्तर आलं नाही," थॅड म्हणाला.

"कुणाचं उत्तर?"

"चर्चचं."

"चर्चला संवाद नाहीत."

"ठाऊक आहे, साहेब. मी आपला वाट बघत होतो."

चूक त्याची नव्हती. आमच्याकडे पाळक एकटा उपदेश करतच नाही. त्याने अर्धं बोलायचं, लोकांनी उत्तर द्यायचं, त्या उत्तरावर पाय देऊन त्याने पुढच्या अर्ध्यावर चढायचं. असं चढता चढता बोलण्याचं गाणं होतं आणि छपराखालचं प्रत्येक मन हलतं. लहानपणापासून कानात तेच बसलेलं. उत्तराशिवाय पुढचं वाक्य त्याच्या घशातून वर येईना. पुन्हा केलं, पुन्हा अडकला. नायक घड्याळ बघायला लागला.

"हे शेवटचं," हॉलिस्टर साहेब म्हणाले. "नाही जमलं तर वाक्य काढून टाकू. नुसता हात वर करा."

माझ्या डोळ्यांपुढे आई आली, कान जपून बसलेली.

कॅमेरा सुरू झाला. "हा माणूस जन्मभर दुसऱ्यांसाठी दारं उघडत राहिला—" आणि शांतता. थॅडचा हात हवेत चाचपडायला लागला, दाराची मूठ सापडत नसल्यासारखा. आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "बोल, थॅड, बोल रे!"

कोण ती, म्हणून मी संतापून मागे वळले. सगळे माझ्याकडेच बघत होते.

पण थॅड सुटला! "प्रभू, आता तू त्याच्यासाठी उघड," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता सूर लागला. तेच शब्द तो गायला, आम्ही उत्तर दिलं, तो आणखी वर गेला. नायकाने हॅट काढली ती कुणी न सांगता. वर दिवे धरून बसलेला माणूस आमेन म्हणाला. हॉलिस्टर साहेब खुर्ची समजून शवपेटीवर बसले आणि फिल्म संपेपर्यंत उठले नाहीत. मी पुष्कळ उपदेश ऐकलेत, पण रिकाम्या शवपेटीतला माणूस स्वर्गात पोचलेला तेव्हाच पाहिला.

चित्र लागलं तेव्हा आईला मधोमध बसवलं. प्रसंग आला. पडद्यावरून थॅडचा आवाज घुमला, "हा माणूस जन्मभर दुसऱ्यांसाठी दारं उघडत राहिला—"

आईने माझा दंड गच्च धरला.

"बोल, थॅ—" पडद्यावरची एक बाई किंचाळली, आणि लगेच नायक मोटारीत बसून निघालासुद्धा. बरोबरच होतं. चित्रातल्या पाळकाचं नाव थॅड नव्हतं; त्या हाकेपासून पुढचं सगळं कात्रीत गेलं होतं.

काळोखात आईचा आवाज आला, "अरे, मग पुढे बोल ना."

थॅड उठला. तिच्यापुढे उभा राहून, अगदी हळू म्हणाला, "प्रभू, आता तू त्याच्यासाठी उघड." आई म्हणाली, "आमेन." मग मागची रांग म्हणाली, मग गॅलरी, आणि थॅडला सूर लागला तो थेट मॅनेजरने दिवे लावेपर्यंत. मॅनेजर ओरडायला आला होता. दारातच टोपी काढून उभा राहिला.

घरी परतताना आई नुसती हसत होती. मग एकदम म्हणाली, "माझा थॅड काय बोलला गं! पण मधेच कोण ती मेली कोकलली? आवाज ओळखीचा वाटला."

मी रस्त्याकडे बघत म्हटलं, "असेल एखादी एक्स्ट्रा, आई."