दिवे नसलेला कॉम्प्युटर

शुक्रवारी संध्याकाळी ब्रिटा हॉल्वरसनच्या कॉम्प्युटरने त्या आठवड्यात अकराव्यांदा मान टाकली, आणि ब्रिटाने ठरवलं, आता पुरे. त्याच्या एका बाजूचं झाकण काढून ठेवलेलं होतं आणि उघड्या पोटाशी टेबलफॅन लावलेला होता. तरीही खेळ सुरू केला की दहाव्या मिनिटाला तो धापा टाकायला लागायचा आणि अकराव्या मिनिटाला पडदा काळा.

"अजून चालतोय की," तिचा नवरा लायल म्हणाला. आपल्या ट्रकबद्दलही तो हेच म्हणायचा, ट्रकचं दार आतून दोरीने बांधता बांधता.

"लायल, पुढच्या रविवारी खेळाची नवी आवृत्ती येतेय. ती यावर चालणारच नाही. मग मी मारितला भेटायचं कुठे?"

यावर लायलने टेबलफॅन बंद केला. मारित म्हणजे ब्रिटाची धाकटी बहीण, कामासाठी अलास्कात जाऊन राहिलेली. ब्रिटाच्या लेकीच्या, टिल्डाच्या जन्मापासून, म्हणजे गेलं दीड वर्ष, दोघी दर रविवारी चार ते सहा खेळातल्या एका बेटावर भेटत. तिथे त्यांनी मिळून घर बांधलं होतं, शेळ्या आणि त्यांची करडं (दोघींच्या भाषेत 'पोरं') पाळली होती, दरोडेखोर पिटाळून लावले होते. फोनवर त्यांचं बोलणं "कशी आहेस?" "बरी आहे" एवढ्यावर संपायचं. बेटावर लाकडं फोडता फोडता मात्र पोटातलं सगळं ओठांवर यायचं. ते दोन तास गेले तर बहीणच गेल्यासारखी होती.

अडचण एकच होती. गावात हे कुणाला कळून चालणार नव्हतं. ग्रॅनाइट बेमध्ये माणसं नवी गाडी घेतली तर आठवडाभर गॅरेजच्या बाहेर काढत नाहीत, आणि कुणी पाहिलीच तर "स्वस्तात मिळाली हो" असं म्हणून जवळजवळ माफी मागतात. त्यात ब्रिटा चर्चच्या शिशुवर्गाची शिक्षिका. कडेवर दीड वर्षाचं मूल. आणि बाई घेणार काय, तर खेळायचा कॉम्प्युटर!

टिल्डाच्या दुपारच्या झोपेत तिने वही घेतली आणि तीन दिवसांत इंटरनेटवर सतरा कॉम्प्युटर तपासले. सुटे भाग आणून घरी जोडणं शक्य नव्हतं. निम्मे स्क्रू टिल्डाने गिळले असते. तेव्हा तयारच घ्यायचा. फार भारी नको, अगदी हलका नको, मधला. एकाची मेमरी तोकडी निघाली, दुसऱ्याचा वीजपुरवठ्याचा डबा लोकांनी अभिप्रायांत शिव्या घालून घालून काळा केलेला. तिसऱ्यात सगळं होतं, पण पंखा जुन्यापेक्षा मोठ्याने ओरडायचा, आणि टिल्डाची झोप म्हणजे कागद उलटला तरी मोडणारी. उरले पाच. त्या पाचांनाही एक बाजू काचेची आणि आत शोभेचे लाल, निळे, जांभळे दिवे होते.

पुढच्या शनिवारी ती गाडी काढून डुलुथ शहरातल्या दुकानात गेली. विक्रेता पन्नाशीचा, शांत गृहस्थ होता.

"मला यात दिवे नसलेला हवाय," ब्रिटा म्हणाली.

"दिवे नसलेला मिळेल, मॅडम. ऑफिसातला. पण त्यावर खेळ चालायचे नाहीत."

"खेळाचं कुणी काय म्हटलं? मला घरकामासाठी हवाय."

त्याने तिच्या वहीकडे पाहिलं. "घरकामाला एवढं ग्राफिक्स कार्ड?"

"घर मोठं आहे," ब्रिटा म्हणाली.

विक्रेत्याने मान डोलावली. बर्फाच्या प्रदेशात माणसं एकमेकांना फार खोदून विचारत नाहीत. "हा घ्या. आवाज जवळजवळ नाही, कार्ड चांगलं, किंमत मधली. दिवे आहेत, पण सेटिंगमध्ये बंद करता येतात म्हणे."

"म्हणे?"

"माझ्या मेव्हण्याकडे हाच आहे. तो दोन वर्षं शोधतोय."

तिने तो घेतला. जुन्या चादरीत गुंडाळून, वर डायपरचं खोकं ठेवून, घरी आणला. दिवे बंद करायचं बटण रविवारी दुपारपर्यंत काही सापडलं नाही. पण ब्रिटा हार मानणारी नव्हती. काचेची बाजू डावीकडे होती, आणि टेबलाच्या डावीकडे रस्त्यावरची खिडकी. म्हणजे काच खिडकीकडे, आणि खोलीत येणाऱ्याला दिसणार नुसता काळा पत्रा. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन तिने टेबलाभोवती तीनदा फेरी मारून पाहिलं. खोलीतून खरंच काही दिसत नव्हतं.

लायल तळ्यावर मासे धरायला गेला, टिल्डा वर झोपली. ब्रिटाने टिल्डाच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचा छोटा पडदा कोपराशी ठेवला, हेडफोन चढवले, आणि चारच्या ठोक्याला बेटावर उतरली.

"मारित! अगं, झाडांची पानं हलतायत!"

"पानांचं काय घेऊन बसलीस? शेळ्या बघ! शेळ्यांना केस आलेत!"

दोघी पाच मिनिटं नुसत्या शेळ्यांकडे बघत राहिल्या.

पाचच्या सुमारास बाहेर अंधारून आलं. अंगणात कमरेइतकं बर्फ होतं, आणि त्या पांढऱ्या भिंतीवर ब्रिटाच्या खिडकीतून आधी लाल उजेड पडला, मग निळा, मग पुन्हा लाल. समोरच्या घरात आर्डिस टॉलेफसनबाईंनी हातातलं विणकाम खाली ठेवलं.

"व्हर्न, हॉल्वरसनांकडे रुग्णवाहिका आलीये का?"

त्यांचे पती व्हर्न स्वतःच गावच्या रुग्णवाहिकेचे स्वयंसेवक चालक होते. "मी इथे बसलोय म्हणजे नाही आलेली," ते म्हणाले. पण उठून त्यांनीही पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

आर्डिसबाईंनी ब्रिटाला दोनदा फोन केला. उचलला नाही. मग तळ्यावर लायलला लावला.

"काही नाही रे, सहजच. घरी सगळं बरं ना?"

"बरंच असेल. का?"

"छे, मी कशाला उगाच काही बोलू? तुमच्या अंगणात लाल-निळे दिवे फिरतायत, एवढंच. मासे लागतायत का?"

लायलने गळ तिथेच टाकला आणि पळत सुटला.

आर्डिसबाईंच्या ओव्हनमध्ये सुदैवाने हॉटडिश तयारच होती. खिमा, मशरूमचं सूप आणि वर बटाट्याच्या गोळ्यांचा कुरकुरीत थर. त्या गावात बाळंतपण असो, ऑपरेशन असो की मयत असो, बातमीच्या आधी हॉटडिश पोचते. भांडं व्हर्नच्या हाती देऊन त्या हॉल्वरसनांच्या मागच्या दाराने आत शिरल्या, रीतीप्रमाणे बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर बैठकीच्या दारापर्यंत आल्या. ब्रिटाची पाठ दिसत होती. ब्रिटा ओरडत होती, "मारित, तो अजून हलतोय! कुऱ्हाड दे इकडे! आणि पोरांना सोडू नकोस, एकेकाला धर!"

आर्डिसबाईंनी आवाज न करता तोंडावर हात ठेवला आणि थेट जिना चढून टिल्डाच्या खोलीत गेल्या.

ब्रिटाची नजर दर अर्ध्या मिनिटाला कोपराशी जायची, तशी ती गेली. छोट्या पडद्यावर, पाळण्यावर, एक पांढरं डोकं वाकलेलं होतं.

ब्रिटाने जी किंकाळी फोडली, ती अलास्कात मारितच्या दोन्ही कानांतून आरपार गेली. मग नुसतीच शांतता, कारण ब्रिटा हेडफोन फेकून जिन्यावर होती. मारितने एका हाताने दरोडेखोर थोपवत दुसऱ्या हाताने आपत्कालीन सेवेला फोन लावला.

"आर्डिसबाई! तुम्ही?"

"हळू गं पोरी, झोपलीये ती. श्वास नीट चाललाय, मी पाहिलं. आता तू ती कुऱ्हाड कुठे ठेवलीस ते सांग बघू मला."

दोघी खाली आल्या, तर बैठकीत व्हर्न हॉटडिश धरून उभे. तेवढ्यात त्यांच्या कमरेचा पेजर वाजला. त्यांनी भांडं सांभाळत वाकून वाचला.

"बर्च स्ट्रीट, बारा नंबर. स्त्रीची किंकाळी," ते म्हणाले. "म्हणजे इथलंच."

"पण काही झालेलं नाही हो!" ब्रिटा म्हणाली.

"ते आता रुग्णवाहिका आली की बघू."

"तिचे चालक तुम्हीच ना?"

"म्हणूनच आणायला निघालो." त्यांनी हॉटडिश ब्रिटाच्या हातात दिली, बूट घातले आणि गेले. सात मिनिटांनी ते खरे लाल-निळे दिवे फिरवत परत आले. तोवर संकोचून पडद्याआडून पाहणारी सगळी गल्ली मग मोकळेपणाने बाहेर पडली, प्रत्येकाच्या हातात झाकलेलं भांडं. लायल पोचला तेव्हा बैठकीत चौदा माणसं मोज्यांवर उभी होती, टेबलावर पाच हॉटडिश होत्या आणि सगळे मान वाकडी करून काचेतले दिवे बघत होते.

"लायल, तुझा का रे हा?" कुणीतरी विचारलं.

लायलने बायकोकडे पाहिलं. तो हो म्हणाला असता. गडी तेवढा चांगला होता. पण ब्रिटाने खोल श्वास घेतला.

"माझा आहे," ती म्हणाली. "खेळायला घेतलाय."

कुणाच्या तरी भांड्याचं झाकण वाजलं.

"स्वस्तात मिळाला असेल," आर्डिसबाईंनी तिला वाट करून दिली.

"नाही," ब्रिटा म्हणाली. "मधल्या किमतीत."

तेवढ्यात टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाज आला, "कुणी जिवंत आहे का तिथे? ते शेळ्या नेतायत! माझ्या एकटीच्याने होत नाही!"

व्हर्ननी टोपी काढली, खुर्ची ओढली आणि पडद्याकडे वाकून विचारलं, "कुणाच्या शेळ्या?"

त्या दिवशी शेळ्या वाचल्या. चौदा जण मागून "डावीकडे! डावीकडे गं!" असं ओरडत होते, आणि मारितने निघताना सगळ्यांची नावं विचारून घेतली.

तरी ब्रिटाने जिद्द सोडली नाही. सोमवार ते शनिवार ती सेटिंगची पानं चाळत राहिली आणि शनिवारी दुपारी, सातव्या यादीच्या तळाशी, तिला ते बटण सापडलं. रविवारी चारला ती अंधाऱ्या, शांत, सभ्य कॉम्प्युटरपुढे बसली. या वेळी फोन टेबलावरच होता.

पाचला तो वाजला.

"काही नाही गं, सहजच," आर्डिसबाई म्हणाल्या. "आज दिवे दिसत नाहीत तुझे. तब्येत बरी ना? तसं काही नाही, पण व्हर्न म्हणतोय, गाडी काढून ठेवतो. हॉटडिश ओव्हनमध्ये घातलीच आहे."

ब्रिटाने "आले गं, थांब" असं मारितला सांगितलं आणि सातव्या यादीच्या तळाशी गेली. लाल नको, निळाही नको. तिने हिरवा निवडला.

अंगणातलं बर्फ हिरवं झालं. समोरच्या घरातली ओसरीची बत्ती एकदा विझली, एकदा पेटली, जणू "कळलं" म्हणत, आणि पडदा खाली आला.